अंडपेशी दर महिन्याला 'तयार' होत नाही! (माझी एक चूक आणि त्यातून घडलेला पाठ)



आजचा लेख एका चुकीपासून सुरू होतो आणि ती चूक माझीच आहे.

आमच्या वर्गात एक प्रश्नपेटी आहे. बुटांचा जुना खोका, त्याला वरून एक खाच पाडलेली. ज्यांना उभं राहून विचारायला लाज वाटते त्यांनी चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी चिठ्ठ्या वाचते. सातवीला शिकवत असताना एकदा अशी चिठ्ठी निघाली : "आमची कोंबडी रोज नवीन अंडं तयार करते. बाईच्या पोटातपण दर महिन्याला नवीन अंडं तयार होतं का? मग ते संपतं कधी?"

वर्गात खसखस पिकली. मी सगळ्यांना गप्प केलं आणि उत्तर दिलं, "हो, दर महिन्याला एक अंडं तयार होतं." प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला मात्र बगल दिली, कारण मला उत्तर येत नव्हतं.

मी बारावी कला शाखेतून केली आणि मग डी.एड. म्हणजे जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. पण ती चिठ्ठी डोक्यातून जाईना. घरी जाऊन दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, मग आणखी वाचलं आणि लक्षात आलं की मी मुलांना चक्क चुकीचं सांगून आले आहे. मुलीच्या शरीरात अंडपेशी दर महिन्याला तयार होत नाही. ती तयार झालेली असते तिच्या जन्माच्याही आधी. दर महिन्याला ती फक्त पिकते.

'तयार होणे' आणि 'पिकणे' यात काय एवढा फरक, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या एका फरकात पुष्कळ काही दडलेलं आहे. चला, सुरुवातीपासून पाहू.

१) सुरुवात आईच्या पोटातच

बाळ आईच्या पोटात जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं असतं, तेव्हाच त्याच्या शरीरात काही खास पेशी वेगळ्या पडतात. पुढची पिढी घडवण्यासाठी राखून ठेवलेल्या या पेशी. आपण त्यांना 'बियाण्याच्या पेशी' म्हणू. शेतकरी जसा पिकातून पुढच्या हंगामाचं बियाणं आधीच बाजूला काढतो, तसंच हे. या पेशी सरकत सरकत जिथे पुढे अंडाशय होणार असतं त्या जागी पोचतात. तिथे त्या एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात.

गर्भ पाच महिन्यांचा होतो तेव्हा त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. साधारण ६० ते ७० लाख! त्यानंतर नवीन पेशी बनणं थांबतं आणि संख्या उतरू लागते. जन्माच्या वेळी उरतात १० ते २० लाख. मुलगी वयात येते तेव्हा साधारण ३ ते ४ लाख. आणि आयुष्यभरात पूर्ण पिकून अंडाशयाबाहेर पडतात फक्त ४०० ते ५००. (वेगवेगळ्या पुस्तकांत हे आकडे थोडे पुढे-मागे दिसतील, कारण ते अंदाज आहेत. पण उतरता क्रम सगळीकडे तोच.)

आता जरा थांबा आणि याचा अर्थ लक्षात घ्या. तुमची आई तिच्या आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या इवल्याशा अंडाशयात ती पेशी होती जिच्यापासून पुढे तुम्ही झालात. म्हणजे तुमची अर्धी सुरुवात आईकडच्या आजीच्या पोटात झाली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा कुणीही हसलं नाही.

२) पावशेर ज्वारीचा प्रयोग

लाखांचे आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. म्हणून मी ज्वारी वापरली. तुम्हीही करून पाहा. सांगायचं, की एक दाणा म्हणजे १००० पेशी. मग :

– पाच महिन्यांच्या गर्भात ६००० ते ७००० दाणे. ही झाली साधारण पावशेर ज्वारी. एका ताटात ओतून ठेवा.
– जन्माच्या वेळी १००० ते २००० दाणे, म्हणजे एक मूठ.
– वयात येताना ३०० ते ४०० दाणे. एवढे मुलं सहज मोजतात. चार गट करून शंभर-शंभर मोजायला द्या.
– आयुष्यभरात पिकून बाहेर पडणाऱ्या अंडपेशी किती? अर्धा दाणा!

शेवटच्या पायरीला मी एक दाणा घेतला आणि फळ्यासमोर दाताने तोडून अर्धा तळहातावर ठेवला. वर्ग एकदम शांत. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग बाकीची ज्वारी वाया?" वाया नाही म्हणायचं. बाकीच्या पेशी शरीरातच हळूहळू विरघळून जातात. हे आजारपण नव्हे, अंडाशयाचं रोजचं कामच आहे.

गणिताचा तासही यात भागतो. वर्षाला साधारण १३ चक्रं, अशी ३५ वर्षं. १३ × ३५ = ४५५. बाळंतपण आणि अंगावर पाजण्याच्या काळात हे काम बराच काळ बंद असतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी.

३) वाट पाहणारी पेशी

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. पण अंडपेशीत २३ आणि शुक्रपेशीत २३ असावी लागतात, तरच दोन्ही मिळून बाळाची ४६ होतात. म्हणून अंडपेशीला आपली गुणसूत्रं निम्मी करावी लागतात. यालाच अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात.

गंमत म्हणजे मुलगी आईच्या पोटात असतानाच हे विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं. गाडी स्टेशनवर सिग्नलला उभी राहावी तशी पेशी उभी राहते. किती काळ? कमीत कमी दहा-बारा वर्षं आणि एखादी तर ४५-५० वर्षंसुद्धा! एवढा काळ अर्ध्या कामात थांबलेली पेशी माणसाच्या शरीरात दुसरी शोधावी लागेल.

प्रत्येक थांबलेल्या पेशीभोवती छोट्या पेशींचं एक वेष्टन असतं. पेशी आणि वेष्टन मिळून जी पिशवी होते तिला 'पुटिका' म्हणतात. डच वैद्य रेनिए द ग्राफ याने १६७२ मध्ये या पुटिकांचं वर्णन केलं. पण पूर्ण भरलेली पुटिका म्हणजेच अंडं, असा त्याचा समज झाला. आतली खरी अंडपेशी सापडायला १८२७ साल उजाडावं लागलं. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने ती कुत्रीच्या अंडाशयात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मधे १५५ वर्षं गेली! मोठमोठे विद्वान इतकी वर्षं चुकले, तर आपल्याला लाजायचं कारण नाही. चूक कळल्यावर दुरुस्त केली म्हणजे झालं.

४) वयात आल्यावर काय होतं?

इथे मी आंब्याच्या आढीचं उदाहरण देते. आढीत सगळे आंबे आधीच घातलेले असतात. रोज नवीन आंबा कुणी बनवत नाही. ऊब मिळाली की त्यातले थोडे पिकायला लागतात आणि जो आधी पिकतो तो आपण काढतो.

मुलगी वयात येते तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरकं सोडू लागते. पहिलं आहे पुटिका ग्रंथी संप्रेरक. त्याच्यामुळे दर चक्रात दहा-वीस पुटिका झपाट्याने वाढू लागतात. (त्याआधीची संथ वाढ कित्येक महिने चाललेली असते.) वाढणाऱ्या पुटिका स्वतः इस्ट्रोजेन तयार करतात आणि त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ लागतं. या शर्यतीत बहुधा एकच पुटिका पुढे जाते, बाकीच्या मागे पडून विरघळतात. पुढे गेलेली पुटिका पाण्याने भरून दोन सेंटिमीटरच्या आसपास फुगते, साधारण बोराएवढी.

मग दुसरं संप्रेरक येतं, पीतपिंडकारी संप्रेरक. त्याची एकदम लाट येते आणि वर्षानुवर्षं थांबलेल्या पेशीला हिरवा सिग्नल मिळतो. ती पहिलं विभाजन पूर्ण करते आणि तिची गुणसूत्रं २३ होतात. साधारण दीड दिवसात पुटिका फुटते आणि अंडपेशी अंडाशयाबाहेर येते. याला अंडमोचन म्हणतात. अंडवाहिनीचं झालरीसारखं तोंड तिला अलगद आत घेतं.

पण काम अजून पुरं झालेलं नाही! बाहेर पडलेली पेशी दुसऱ्या विभाजनात पुन्हा थांबलेली असते. शुक्रपेशी आत शिरली तरच ते विभाजन पूर्ण होतं. नाही शिरली, तर १२ ते २४ तासांत अंडपेशी विरून जाते. म्हणजे जन्माआधी सुरू झालेलं काम फलन झालं तरच संपतं.

५) एकच मोठी पेशी का?

मुलं विचारतातच, "एका पेशीची विभागणी झाली तर दोन अंडपेशी व्हायला हव्यात ना?" बरोबर प्रश्न. शुक्रपेशी तयार होताना एकीपासून चार सारख्या पेशी होतात. अंडपेशीचं तसं नाही. तिथे वाटणी मुद्दाम असमान होते. जवळजवळ सगळा साठा एकाच पेशीला मिळतो. दुसरीला गुणसूत्रं तेवढी मिळतात. त्या चिमुकल्या पेशीला ध्रुवपिंड म्हणतात आणि ती पुढे नष्ट होते.

कारण सोपं आहे. फलनानंतरचे पहिले काही दिवस गर्भाला आईकडून थेट अन्न मिळत नाही. अंडपेशीतल्या शिदोरीवरच भागवायचं असतं. चार मुलांत एक भाकरी वाटली तर कुणाचंच पोट भरत नाही, म्हणून एकीलाच पूर्ण भाकरी. अंडपेशी साधारण ०.१ मिलिमीटरची असते. बॉलपेनाने टेकवलेल्या टिंबापेक्षाही लहान, पण मानवी शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक!

६) मग पाळी म्हणजे काय?

घरोघरी मुलींना सांगितलं जातं, "अंडं नासतं आणि घाण रक्त बाहेर पडतं." हे खरं नाही.

अंडमोचन झाल्यावर रिकाम्या पुटिकेचं पिवळसर पीतपिंड होतं. ते साधारण १४ दिवस प्रोजेस्टेरॉन सोडतं आणि गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरतं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतं, प्रोजेस्टेरॉन कमी होतं आणि अस्तर गळून पडतं. ते अस्तर आणि त्याबरोबरचं रक्त म्हणजे पाळी. पाहुणा येईल म्हणून अंथरूण घातलं, पाहुणा आला नाही, अंथरूण काढलं. त्यात घाण काय आणि विटाळ कसला?

पालकहो, आणखी एक. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं बऱ्याच मुलींना दर चक्रात अंडमोचन होत नाही, त्यामुळे पाळी मागे-पुढे होते. लगेच घाबरून मुलीला दोष देऊ नका. मात्र रक्तस्राव फार होत असेल, दुखणं सहन होत नसेल किंवा पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

७) माता-पालक सभेतले प्रश्न

वर्गातली ज्वारी मी नंतर माता-पालक सभेतही नेली. सुरुवातीला सगळ्या पदराआड हसत होत्या. मग प्रश्न सुरू झाले.

"मॅडम, माझं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय, तरी पाळी येते. ऑपरेशन फसलं का?" नाही. त्या ऑपरेशनमध्ये फक्त अंडवाहिनीची वाट बंद करतात. अंडाशय आणि गर्भाशय आपापलं काम करतच राहतात. अंडपेशी बाहेर येते आणि आतल्या आत विरून जाते.

"पिशवी काढली म्हणजे अंडाशयही गेलं का?" गर्भपिशवी वेगळी, अंडाशयं वेगळी. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते, पण अंडाशयं संप्रेरकं बनवत राहतात. दोन्ही अंडाशयं काढली तर मात्र इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि त्याचा परिणाम हाडांवरही होतो. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, नेमकं काय काढणार आणि का.

"उशिरा मूल झालं तर काय होतं?" पेशी जितकी वर्षं थांबलेली, तितकं तिचं वय. पस्तिशीनंतर गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याची शक्यता वाढत जाते. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त येतं, ते अशाच चुकीमुळे. पण तरुण आयांनाही असं मूल होऊ शकतं आणि यात आईने काही पाप केलेलं नसतं.

मग मागच्या रांगेतली एक आई हळूच म्हणाली, "मला तिन्ही मुलीच. घरात सगळे म्हणतात, हिच्या पोटात मुलगाच नाही." तिच्या शेजारीच तिच्या सासूबाई बसल्या होत्या.

मी ज्वारीचं ताट पुढे ओढलं. म्हटलं, "आजी, यातला कुठलाही दाणा घ्या. प्रत्येक अंडपेशीत एक्सच गुणसूत्र असतं. वाय असतं ते पुरुषाच्या काही शुक्रपेशींत. एक्सवाली शुक्रपेशी आली तर मुलगी, वायवाली आली तर मुलगा. हिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. आणि तुमच्या मुलाचाही दोष नाही, कोणती शुक्रपेशी पोचेल हे त्याच्या हातात नसतं."

आजी बराच वेळ ताटाकडे बघत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "ते मघाशी बोलला ना, पोरीच्या पोटातलं बी तिच्या आईच्या पोटात असतानाच होतं म्हणून? म्हणजे माझ्या लेकीच्या लेकरांची सुरुवात माझ्याच पोटात झाली होय?"

"हो आजी. आणि तुमच्या या तीन नातींची अर्धी सुरुवात त्यांच्या आईच्या आईच्या पोटात झाली."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरात त्या दिवसापासून सगळं बदललं, असा दावा मी करणार नाही. पण सभा संपल्यावर धाकट्या नातीला कडेवर त्यांनीच घेतलं होतं, एवढं मी पाहिलं.

८) वर्गात शिकवताना एवढं करा

– मुलगे आणि मुली एकत्र बसवून शिकवा. मुलांना बाहेर पाठवलं की विषय चोरटा होतो.
– शरीराच्या भागांची पुस्तकातली नावंच वापरा : अंडाशय, अंडवाहिनी, गर्भाशय. 'ते', 'तिकडचं' म्हणू नका.
– 'अंडं' ऐवजी 'अंडपेशी' म्हणा. नाहीतर मुलांच्या डोळ्यांसमोर कवचाचं अंडं येतं.
– पाचवी-सहावीला शरीरातले बदल आणि पाळीची माहिती पुरे. सातवी-आठवीला ज्वारीचा प्रयोग घ्या. गुणसूत्रांचं सविस्तर दहावीत येईलच.
– उत्तर येत नसेल तर "उद्या वाचून सांगते" म्हणा.

ही शेवटची सूचना माझ्यासाठीच आहे. त्या सोमवारी परिपाठ झाल्यावर मी वर्गात सांगितलं, "शुक्रवारी मी चुकीचं उत्तर दिलं होतं." मुलं चकित झाली. मग कोंबडीचंही सांगितलं. तिच्याही अंडाशयात अंडपेशी पिल्लू असल्यापासूनच असतात. त्यातल्या एकेकीत आठ-दहा दिवस बलक भरत जातो. रोज नव्याने चढतं ते पांढरं आणि कवच. म्हणजे चिठ्ठी लिहिणारीची तुलना चांगलीच होती, चुकीचं होतं ते माझं उत्तर.

"मग ते संपतं कधी?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. पंचेचाळीस ते पन्नास-बावन्न वर्षांच्या दरम्यान अंडाशयात फारच थोड्या पेशी उरतात, साधारण हजारभर. म्हणजे ताटातला एक दाणा. मग पिकण्याचं काम थांबतं आणि पाळी कायमची जाते.

पुढच्या शुक्रवारी पेटीत चौदा चिठ्ठ्या निघाल्या. एरवी तीन-चार असतात.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात हा प्रश्न येईल तेव्हा एवढंच वाक्य लक्षात ठेवा : अंडपेशी जन्माआधीच तयार झालेली असते, दर महिन्याला तिच्यातली एक पिकते. बाकीचा पाठ त्यातूनच उलगडत जातो.